दिव्यांच्या भिंती आणि त्यांना पेलणारे सांगाडे

गणेशोत्सवाचा मंडप असो, सभेचे मैदान असो किंवा लग्नाचे कार्यालय असो, एलईडीचे मोठे पडदे आता आपल्या इतक्या सवयीचे झाले आहेत की त्यांच्याकडे आपण वस्तू म्हणून पाहतच नाही. पाहतो ते त्यांच्यावरचे चित्र. पण एकदा मुद्दाम पडद्याच्या मागे जाऊन पाहावे. पुढच्या बाजूला झगमगाट, तर मागे नळ्यांची कैची, बोल्ट, तारांची जुडगी, ताणलेले दोर, वाळूची पोती किंवा पाण्याने भरलेल्या टाक्या असा सगळा पसारा दिसतो. पुढचे चित्र मागच्या या पसाऱ्याच्या जिवावर उभे असते.

प्रकाश देणाऱ्या डायोडचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तो दिवा कशावर बसवला, कशाला टांगला, जमिनीत कसा रोवला, याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच सांगणार आहोत. त्यात शाळेच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र आहे आणि, दुर्दैवाने, काही अपघातही आहेत.

भिंत हाच आधार

सुरुवात विजेच्या साध्या दिव्यांपासून करू. न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअरजवळ आज जेथे फ्लॅटआयर्न ही त्रिकोणी इमारत आहे, तेथे पूर्वी एक हॉटेल होते. १८९२ साली त्याच्या कोऱ्या भिंतीवर सुमारे दीड हजार दिव्यांची एक जाहिरात लावण्यात आली. लाँग आयलंडवर घरे घ्या, असा तिचा आशय होता. येथे दिव्यांसाठी वेगळा आधार उभारण्याचा प्रश्नच आला नाही. इमारत आधीपासून उभी होती आणि तिच्या वजनापुढे दिव्यांचे वजन किरकोळ होते.

१९२५ साली पॅरिसमध्ये सित्रोएन या मोटार कंपनीने आपले नाव आयफेल टॉवरवर उभ्या अक्षरांत झळकवले. त्यासाठी सुमारे अडीच लाख दिवे लागले. येथेही आधार आयता मिळाला. आयफेल यांनी मनोऱ्याचे गणित करताना वाऱ्याचा विचार आधीच केलेला होता आणि मनोरा जाळीचा असल्याने दिवे बांधायला जागोजागी लोखंड होते.

१९२८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या टाइम्स इमारतीभोवती दिव्यांचा एक पट्टा बसवण्यात आला. सुमारे १४,८०० दिव्यांच्या त्या पट्ट्यावरून बातम्यांची अक्षरे सरकत जात. पहिल्याच दिवशी लोकांनी त्यावर हूवर यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल वाचला. याच इमारतीचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बाहेरच्या जाहिरातींचे उत्पन्न इतके वाढले की आतले बहुतेक मजले कित्येक वर्षे रिकामेच ठेवले गेले. इमारतीच्या आधाराने दिवे लागले होते; आता इमारतच दिव्यांची घडवंची होऊन बसली.

भिंतीवर पडदा लावणे सोपे वाटते, पण त्यातही पथ्ये आहेत. विटांची भिंत ही बहुधा खांबांच्या मधली नुसती भर असते. म्हणून पडद्याची चौकट भिंतीला न जोडता इमारतीच्या खांबांना व तुळयांना जोडतात. दुसरे पथ्य उष्णतेचे. समजा, २० मीटर रुंदीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट आहे आणि हिवाळ्यातली पहाट व उन्हाळ्यातली दुपार यांत तिच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडतो. पुस्तकातला प्रसरणांक घेऊन गणित केले, तर तिची लांबी सुमारे १८ मिलिमीटरने बदलते. पोलादाची तेवढीच चौकट सुमारे साडेनऊ मिलिमीटर बदलते. दोन्ही धातू एकमेकांना घट्ट आवळून टाकले, तर बोल्ट तरी तुटतील किंवा पडद्याच्या खणांमध्ये फटी तरी पडतील. म्हणून बोल्टांची काही छिद्रे गोल न ठेवता लांबट ठेवतात. रेल्वेच्या रुळांमधील फटीचे उदाहरण आपण वर्गात देतो, त्याचेच हे भावंड.

पडद्यासाठी इमारत

दिव्यांच्या अक्षरांनंतर हलत्या चित्रांची पाळी आली. १९८० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये मित्सुबिशी कंपनीचा ‘डायमंड व्हिजन’ हा मोठा रंगीत पडदा सुरू झाला. १९८५ मध्ये जपानच्या त्सुकुबा येथील प्रदर्शनात सोनी कंपनीने ‘जंबोट्रॉन’ मांडला. तो ४० मीटर रुंद आणि २५ मीटर उंच होता.

या पडद्यांत एलईडी नव्हते. जुन्या दूरचित्रवाणी संचातील काचेच्या नळीच्या जातीच्या लहान लहान नळ्या त्यांत ओळीने बसवलेल्या असत. काच, निर्वात पोकळी, उच्च दाबाची वीज आणि भरपूर उष्णता, असा सगळा संसार सांभाळायचा होता. नळीला खोली लागत असल्याने पडदा पातळ करता येत नव्हता, आणि दुरुस्तीसाठी माणसाला पाठीमागून आत शिरता आले पाहिजे होते. त्सुकुबाचा पडदा म्हणूनच एक स्वतंत्र इमारत होती. असा पडदा कोणाच्या भिंतीवर लावणे किंवा आज येथे, उद्या तेथे नेणे अवघडच होते.

दिवा हलका झाला

निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड बनवला. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळ्याची भर घातली. परंतु पूर्ण रंगीत चित्रासाठी लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग लागतात, आणि तेजस्वी निळा डायोड काही केल्या हाती येत नव्हता. तो १९९३ साली निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी साधला. त्यामागील कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निळ्या डायोडमुळे रंग पुरे झाले, हे सर्वांना माहीत आहे. पडदा बसवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र आणखी एक गोष्ट घडली. प्रत्येक बिंदू आता स्वतंत्र, लहान, पातळ आणि घन होता. काचेच्या नळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर खोलीही गेली. पडदा वाकवता येऊ लागला, त्याचे तुकडे करता येऊ लागले, त्याला भोकेही ठेवता येऊ लागली.

१९९९ च्या अखेरीस टाइम्स स्क्वेअरमध्ये नॅसडॅक या शेअर बाजाराचा सात मजली एलईडी पडदा उभा राहिला. तो इमारतीच्या गोलाकार कोपऱ्याला लपेटलेला आहे आणि आतल्या माणसांना उजेड मिळावा म्हणून त्यात खिडक्यांपुरत्या आयताकृती जागा मोकळ्या ठेवलेल्या आहेत. चित्र पाहणाऱ्याला या जागा फारशा जाणवत नाहीत. काचेच्या नळ्यांच्या काळात असे करणे किती कठीण गेले असते, याची कल्पना येईल.

लास व्हेगासमधील फ्रीमॉन्ट स्ट्रीटचे उदाहरण याच्या जोडीला ठेवू. १९९५ साली या रस्त्यावर सुमारे २७ मीटर उंचीची कमानदार जाळी उभारून तिच्या पोटाला वीस लाखांहून अधिक साधे दिवे बसवले. २००४ साली ते काढून सव्वा कोटी एलईडी लावले, आणि २०१९ मध्ये तेही बदलून सुमारे पाच कोटी आणले. दिवे दोनदा बदलले. कमान तीच राहिली. दिव्याचे आयुष्य थोडे आणि सांगाड्याचे मोठे असते, म्हणून सांगाडा करताना उद्या त्याच्यावर काय चढेल याचाही विचार लागतो.

वाऱ्याला वाट

आयर्लंडच्या यूटू या संगीतवृंदाने १९९७ मध्ये ‘पॉपमार्ट’ नावाचा जगभरचा दौरा केला. त्यांना सुमारे ५२ मीटर रुंद आणि १७ मीटर उंच पडदा हवा होता, तोही उघड्या मैदानावर, आणि कार्यक्रम संपला की पुढच्या गावी नेता येईल असा. पडदा सलग केला असता, तर जवळजवळ ९०० चौरस मीटरचे शीडच झाले असते.

त्यावर काढलेला तोड साधा होता. प्रेक्षक लांब बसणार असल्याने बिंदू एकमेकांना चिकटून असण्याची गरज नव्हती. सुमारे दीड लाख बिंदू अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर अंतराअंतराने बसवले आणि मधल्या जागा मोकळ्या सोडल्या. वारा या फटींतून निघून जाई. पडद्याचे घडीचे खांब केले होते आणि सगळा पडदा दोन ट्रकांत मावत असे.

हीच युक्ती पुढे अनेक ठिकाणी वापरली गेली. लास व्हेगासमध्ये २०२३ साली सुरू झालेल्या ‘स्फिअर’ या सुमारे ११२ मीटर उंच गोल नाट्यगृहाच्या बाह्य कवचावर सुमारे बारा लाख एलईडीच्या चकत्या आहेत. त्या एकमेकींपासून सुमारे २० सेंटिमीटर अंतरावर आहेत. जवळ गेल्यास जाळी दिसते, दुरून अखंड चित्र. दोन बिंदू वेगळे ओळखण्याची डोळ्याची मर्यादा आपण प्रकाशाच्या धड्यात शिकवतो. येथे त्या मर्यादेचा उपयोग वाऱ्याचा भार कमी करण्यासाठी झाला आहे.

डोक्यावरचे वजन

बंदिस्त सभागृहात आणि क्रीडागारात वाऱ्याची भीती नाही, पण तेथे पडदा माणसांच्या डोक्यावर टांगलेला असतो. टेक्सासमधील डॅलस काउबॉइज संघाच्या स्टेडियममध्ये २००९ साली सुमारे ४९ मीटर लांब आणि २२ मीटर उंच पडदे असलेली सुमारे ६०० टनांची रचना छताच्या कमानींना टांगली गेली. तिची खालची कड मैदानापासून २७ मीटरवर होती. त्या ऑगस्टमधल्या एका सरावसामन्यात अमेरिकन फुटबॉलमधील उंच लाथाडलेला चेंडू थेट पडद्यावर जाऊन आदळला. वरच्या वर्गातील मुलांना गणित घालता येईल. हवेचा रोध सोडून दिला, तर २७ मीटर उंची गाठायला चेंडूचा ऊर्ध्व वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर हवा. तयारीच्या खेळाडूला हे अशक्य नाही. तरी पडदा कोठे टांगावा हे ठरवताना हा हिशेब अपुरा पडला. मग असा चेंडू पुन्हा खेळावा, असे ठरले.

हा प्रसंग गमतीचा होता. पुढचे दोन तसे नाहीत. १९९६ च्या १६ नोव्हेंबरला अमेरिकेतील बफेलो शहराच्या हॉकी क्रीडागारात मधोमध टांगलेला अवजड गुणफलक वरखाली करत असताना बर्फावर कोसळला. काही तासांनी तेथे सामना होणार होता. त्या क्षणी खाली कोणी नव्हते, म्हणून जीव वाचले. २०२२ च्या २८ जुलैला हाँगकाँग कोलिझियममध्ये गाण्याचा कार्यक्रम चालू असताना टांगलेला एलईडी पडदा नर्तकांवर पडला आणि त्यांतील एक जण अतिशय गंभीर जखमी झाला. तेथील सरकारी चौकशीत दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, पोलादी दोर धातूला आलेल्या थकव्याने तुटला होता. दोन, टांगलेल्या सामानाचे कागदावर दाखवलेले वजन खऱ्या वजनापेक्षा पुष्कळ कमी होते.

दोराला थकवा येतो म्हणजे काय? तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. कप्पीवरून सतत ये-जा करणाऱ्या दोराचे असेच होते. त्यात मोटर एकदम सुरू झाली, की दोरावरचा ताण नुसत्या वजनाइतका राहत नाही. उद्वाहनाच्या उदाहरणातील त्वरणाचे पद त्यात मिळवावे लागते. दोर तिरपे असले तर आणखी वेगळा घोटाळा होतो. दोन उभ्या दोरांवर पडदा टांगला, तर प्रत्येकावर निम्मे वजन येते. तेच दोर क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येकावर पुरते वजन येते. म्हणजे दोर तेच, पडदा तोच, आणि ताण दुप्पट.

या सगळ्यासाठी सुरक्षा गुणक धरतात. माणसांवर टांगायच्या वस्तूचा दोर तिच्या वजनाच्या अनेक पट भाराला तुटेल असा निवडतात, शिवाय एक वेगळा राखीव दोर बांधतात. परंतु मूळ वजनच खोटे लिहिले असेल, तर गुणक कशाला गुणणार?

वारा आणि पाया

आता मोकळ्या जागी खांबावर रोवलेल्या फलकांकडे येऊ. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले. तो एलईडीचा नव्हता. परंतु वाऱ्याला दिवा आणि कापड यांतला भेद कळत नाही. फलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट गुणिले ४० फूट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. नंतरच्या तांत्रिक तपासणीत त्याचा पाया अपुरा असल्याचे सांगण्यात आले.

किती बळ आले असेल, याचा ढोबळ अंदाज शाळेतही काढता येतो. वाऱ्याचा चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये हवा असेल, तर

दाब = ०.६ × (वेग)²

हे सूत्र भारतीय मानकात दिलेले आहे. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा. ०.६ हा आकडा म्हणजे हवेच्या घनतेचा निम्मा. मुंबईसाठी या मानकातील मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, तर पुण्यासाठी ३९. मुंबईचा वेग घेतल्यास दाब चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन येतो. १२० फुटी फलकाचे क्षेत्रफळ सुमारे १३४० चौरस मीटर. गुणाकार केला तर बळ साडेपंधरा लाख न्यूटन, म्हणजे जवळजवळ १६० टन वजनाइतके, आडवे ढकलणारे! आकार आणि उंची यांच्या दुरुस्त्या यात धरलेल्या नाहीत. वेग निम्मा केला तर बळ चौथाई, सुमारे ४० टन होते. वेगाचा वर्ग हे प्रकरण किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आज गावोगावी जुन्या जाहिरात फलकांच्या जागी एलईडी पडदे येत आहेत. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. फ्लेक्सचा कपडा चौरस मीटरला अर्ध्या-पाऊण किलोचा असतो आणि फारच वारा आला तर फाटतो. फाटल्यावर वाऱ्याला वाट मिळते व सांगाडा वाचू शकतो. एलईडीचे बाहेर लावायचे बंदिस्त खण चौरस मीटरला ३० ते ५० किलो भरतात आणि ते फाटत नाहीत. जुन्या सांगाड्यावर नवा पडदा चढवणे हे म्हणून नुसते चित्र बदलणे नव्हे. पायापासून हिशेब नव्याने करावा लागतो.

मैदानात चार दिवसांसाठी उभ्या केलेल्या पडद्याचेही गणित करून पाहू. पडदा ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. त्याचा मध्य जमिनीपासून ३ मीटरवर. सांगाड्यासह वजन ४०० किलो. पाया पुढे व मागे एकेक मीटर पसरलेला. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात पडद्यावर ७२० न्यूटन बळ येते आणि उलथवणारे आघूर्ण २१६० न्यूटन-मीटर होते. वजनाचे सावरणारे आघूर्ण ३९२० न्यूटन-मीटर आहे, म्हणजे पडदा उभा राहील. वारा १५ मीटरवर गेला, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर झाला, की उलथवणारे आघूर्ण ४८६० होते आणि पडदा पडतो. वळिवाच्या पावसाआधी असा झोत येणे आपल्याकडे मुळीच नवलाचे नाही. २० मीटर वेगात नुसता तोल साधायलाही पायाच्या मधोमध सुमारे ४८० किलोची भर हवी. पाण्याच्या टाक्या आणि वाळूची पोती असतात ती यासाठी. जागा अडते म्हणून ती बाजूला सरकवणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची कल्पना नसते.

वर्गात करून पाहण्यासाठी

दोन प्रयोग सहज करता येतील. पहिल्यासाठी पुठ्ठ्याचे एकाच मापाचे दोन चौकोन घ्यावेत. एकाला ओळीने भोके पाडावीत व त्याचे कमी झालेले वजन मातीच्या गोळ्याने भरून काढावे. दोन्ही चौकोन सारख्या लाकडी ठोकळ्यांवर उभे करून टेबलफॅनसमोर ठेवावेत आणि पंख्याचा वेग पायरीपायरीने वाढवावा. कोणता आधी पडतो ते पाहावे. मग ठोकळ्यावर नाणी ठेवत जाऊन पडणारा चौकोन किती वजनाने सावरतो हेही मोजावे.

दुसऱ्यासाठी दोन ताणकाटे आणि एक किलोचे वजन पुरे. वजन दोन दोऱ्यांना बांधून काटे आधी शेजारी शेजारी उभे धरावेत. प्रत्येक काटा सुमारे अर्धा किलो दाखवील. मग दोऱ्यांमधील कोन वाढवत न्यावा. कोन १२० अंशांचा झाला, की दोन्ही काटे एकेक किलो दाखवतात. हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी बलांचा समांतरभुज चौकोन विसरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

याखेरीज एक काम शिक्षकांसाठी. शाळेच्या संमेलनाला किंवा गावच्या उत्सवाला पडदा भाड्याने आणताना त्याचा आकार आणि दर आपण विचारतोच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. पडद्याचे सांगाड्यासह खरे वजन किती? वाऱ्याचा किती वेग धरून तो उभा केला आहे? आणि वारा सुटला, तर कार्यक्रम थांबवून पडदा खाली घेण्याचा निर्णय कोण घेणार? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत मुलांना त्याच्यासमोर बसवू नये.